आजच न्या ही गन

—नाही, तो कागद परत नका देऊ, काका, रंगाची गन कशी चालवायची ते तुमच्यासाठीच लिहिलंय त्यात. शुद्धलेखन चुकलं असेल, माफ करा – ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलेच नाहीत – आणि शब्दही साधेच आहेत, मला दुसरे येत नाहीत. शाळा हिंदी, तीही आठवीपर्यंत, मराठी लिहायला आईनं शिकवलं, घरातल्या पोथीवरून, म्हणून माझं अक्षर पोथीसारखं उभं येतं, असं तुम्हीच म्हणायचा. हिंदीत लिहिलं असतं तर बरं झालं असतं का? – नाही, मला वाटलं, तुमच्या-माझ्यात मराठीच. गाड्या रंगवायच्या त्या सगळ्या शेडमध्ये आपण दोघंच तर होतो मराठीवाले. दुपारी डबा उघडला की पोरं म्हणायची ना, "लो, मराठी रेडियो चालू हो गया" – आणि रेडिओ कसला, बोलायचे तुम्हीच, मी नुसतं हं हं करायचो. आज मीच बोलतोय बघा. बसा ना, असे उभे का? आई नाहीये घरी, देवळात गेलीय, नवरात्रातलं बायकांचं भजन आहे, दीड तास तरी येत नाही. म्हणून तर आत्ताच बोलावलं तुम्हाला. शिकायला मोकळं अंगण पाहिजे, आणि ती असली की मध्येमध्ये चहाच विचारत राहते.

तर सोमवार. सोमवारी नऊ वाजता सेठ तुम्हाला एक दरवाजा देणार, भंगारातल्या कुठल्या तरी गाडीचा, आणि म्हणणार, रंग मारून दाखव. दरवाजा चांगला उतरला तर माझी जागा तुमची. नाही उतरला तर – उतरेल हो. तीन दिवस आहेत मध्ये. मी सेठला सांगितलं, मला आता होत नाही, डॉक्टरनं म्हटलंय रंगातल्या हार्डनरच्या वासाला उभं राहायचं नाही, एका फवाऱ्यानं श्वास अडकेल तो सुटणार नाही – ही शिट्टी ऐकू येते ना छातीतून? जास्त बोललो की वाजते – तर माझ्या जागी तानाजीकाकांना घ्या. तो हसला. म्हणाला, "कौन, वो कर्नल वाला तानाजी?" तिथं तुमचं नाव आता तेच झालंय, काका. बावीस वर्षं त्या शेडमध्ये पॉलिश केलीत तुम्ही, तुमच्या हातची गाडी उन्हात लावली की लोक तिच्यात तोंड बघून भांग पाडायचे, आणि नाव राहिलं ते एका दिवसाचं. मग म्हणाला, "ठीक है, आदमी मिलते कहाँ हैं आजकल, ले आओ। पर दरवाज़ा मारके दिखाए। और पॉलिश की बोतल को हाथ नहीं लगाएगा।" – मी काय म्हणालो? मी हो म्हणालो. मी नेहमी हो म्हणतो, तुम्हाला ठाऊक आहे.

ही घ्या गन हातात. अशी नाही, पिस्तुलासारखी नका धरू, पिस्तूल धरलं की माणूस मनगट वळवतो. मनगट वळवायचं नाही. चार बोटांतली दोनच ट्रिगरवर, बाकीची दोन मुठीवर, आणि खांदा हलवायचा – तुम्ही पॉलिशचं बफिंग मशीन चालवता तसाच, अंगानं चालायचं, हातानं नाही. बघा, हे तुम्हाला आधीच येतं. वरचा हा कप, ह्यात रंग. पुढं नोझल, त्याच्या आतून ही सुई मागंपुढं होते, आणि तोंडावर ही पितळी टोपी, एअर कॅप. ह्या टोपीला भोकं आहेत, मधे एक मोठं, बाजूला बारीक, आणि ह्या दोन शिंगांना दोन-दोन. ह्या भोकांतून हवा येते आणि रंगाचं धुकं करते. सगळा खेळ ह्या भोकांचा आहे, काका. बाकी गन म्हणजे नुसतं लोखंड.

कॉम्प्रेसर पलीकडच्या पंक्चरवाल्या भैयाकडून आणलाय, सहापर्यंत परत द्यायचाय, म्हणून जरा घाई. पहिलं काम कुठलं? – गन नाही. पहिलं काम टाकीखालचा हा नळ. सोडा. सोडा पूर्ण – बघा किती पाणी निघालं, सकाळीच काढलं होतं. हवेत पाणी असतं, दाबलं की टाकीत साठतं, आणि नाही काढलं तर रंगात उडतं. मी पहिल्या वर्षी विसरायचो, रंग शिकवणाऱ्या मास्टरनं एकदा तेच गंजलेलं पाणी डोक्यावर ओतलं माझ्या, तेव्हापासून विसरलो नाही. मग ट्रिगर दाबून धरायचा आणि मग काटा बघायचा – ट्रिगर सोडून काटा बघितला तर खोटं सांगतो. तीस पौंड. ह्या गनला दाब तीस, तुम्ही अठ्ठावीसनं सुरू करा. मागं हे दोन स्क्रू आहेत, वरचा पट्टा किती रुंद ते ठरवतो, खालचा रंग किती ते. दोन्ही आधी पूर्ण बंद, मग वरचा पूर्ण आणि खालचा दोन फेरे उघडा. लिहिलंय सगळं कागदावर, तिसऱ्या ओळीत. फेरे शब्द बरोबर लिहिलाय का? – असो.

कपात आज पाणीच भरलंय, थोडी नीळ टाकून. रंग मी घरात आणू शकत नाही आता, आणि हात बसायला पाणी पुरतं. फक्त संपल्यावर थिनरनं धुवून फुंकून वाळवायची, नाहीतर सुई गंजते. भिंतीला तो पेपर लावलाय ना, त्याच्यावर मारा. लांब किती? एक वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. तुमची वीत मोठी आहे, जरा कमी धरा. आता एकदाच दाबा आणि सोडा. – हं. बघा. ठसा कसा दिसला पाहिजे, उभ्या काकडीसारखा, दोन्ही टोकं निमुळती, मधे सारखा. तुमचा एका बाजूनं वाकलाय, चंद्रकोरीसारखा. म्हणजे काय? – शिंगातलं एक भोक बुजलंय. ते मीच मेणानं बुजवलं होतं सकाळी, तुम्हाला दाखवायला. सोमवारी असं झालं तर घाबरायचं नाही. आधी टोपी फिरवून बघायची. कोर फिरली तर घाण टोपीत आहे, नाही फिरली तर नोझलमध्ये. टोपी काढायची, थिनरमध्ये बुडवायची – नुसती टोपी, सगळी गन नाही, सगळी गन बुडवली तर आतले वायसर फुगून मरतात – आणि लाकडी काडीनं भोक मोकळं करायचं. तार नाही, सुई नाही, ब्लेड तर नाहीच. भोक एक केसभर वाकडं झालं की गन गेली. ही काडी घ्या. करा. – हळू. – झालं. आता मारा परत. वा, काकडी आली.

हात थरथरतोय का? – नाही, मी नाही म्हटलं काही. वर्षभर छावणीतल्या बंगल्याच्या फाटकावर काठी धरून बसलात तुम्ही, हाताला काम काय होतं. शिवांगी दिसली होती परवा, मोबाइलच्या दुकानात, म्हणाली बाबा घरी आले की हात मांडीखाली दाबून बसतात. मी काही विचारलं नव्हतं, तीच बोलली. मला वाटलं, हात थरथरतोय तो कामाला लागला की थांबेल. थांबतो ना? मशीनच्या माणसाचा हात मशीन मिळालं की थांबतो. आता पट्टा मारा, डावीकडून उजवीकडे. ट्रिगर पेपरच्या आधी दाबायचा, पेपर संपल्यावर सोडायचा, मधे कधीच नाही. आणि दुसरा पट्टा पहिल्याच्या अर्ध्यावर. अर्ध्यावर अर्धा, अर्ध्यावर अर्धा – मी मनात तेच म्हणत असतो मारताना. थांबलात की तिथं ओघळ. भीती वाटली की माणूस थांबतो आणि मग ओघळ येतो, म्हणून भीती वाटली तरी चालतच राहायचं. – बरोबर. – बरोबर. हे बघा, हा शेवटचा पट्टा तर माझ्यासारखाच आलाय.

आणि हा मास्क. हा तुमचाच, नवा आहे, दोन्ही बाजूच्या गाळणीच्या डब्या नव्या घातल्यात. हा मी विसरू देणार नाही तुम्हाला. मी पहिली तीन वर्षं रुमाल बांधून मारलं, सगळेच रुमाल बांधतात, सेठही म्हणतो, "रूमाल काफी है" – आणि ही शिट्टी त्या रुमालाची आहे. गालाला घट्ट बसला पाहिजे, तुम्हाला दाढी ठेवता येणार नाही. मिशी चालेल. मिशीशिवाय तुम्ही ओळखूच येणार नाही. – हसलात. किती दिवसांनी. – मला मास्क आवडायचा, खरं सांगतो. बाकीच्यांना घाम येतो, जीव घाबरतो, मला उलटं. मास्क लावून रंग मारायच्या पडद्याच्या आत गेलो की कुणी काही विचारत नाही. विचारलं तरी उत्तर द्यावं लागत नाही. तुम्ही म्हणायचा ना, हा पोरगा लग्नातही मास्क लावून बसेल. शाळेत मास्टरनं उभं केलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, येत असलेलं उत्तर यायचं नाही, म्हणून तर सोडली शाळा. मास्कच्या आत मी फार चांगला माणूस आहे, काका. बाहेरच काही होत नाही माझ्याकडून.

पुढं? – पुढं मी मऊरानीपुरला जाणार, मामाच्या आडतीवर. गहू-चण्याची पोती मोजायची, चिठ्ठ्या लिहायच्या. तिथंही धूळच आहे. डॉक्टरला विचारलं, धूळ चालेल का, तो म्हणाला नाही, मग काय चालेल विचारलं, तर त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं. असो. तुमचं सोमवारी होऊ द्या.

आता शेवटचं, देखभाल. रोज काम झालं की कपात थिनर, हलवायचं, फवारायचं, दोनदा. टोपी धुवायची. सुई मागून ओढून पुसायची. आणि तेल – हो, तेल लागतं, पण कुठं? – हा मागचा छोटा नट बघा, सुई जिथून आत जाते. इथं एक थेंब. आणि एक ट्रिगरच्या सांध्यात. गनचं तेल वेगळं मिळतं, ही बाटली देतो मी. एकच थेंब, तोही इथंच. पुढं तेलाचं नाव नको. नोझलला नाही, टोपीला नाही, ह्या बारीक भोकांना तर अजिबात नाही – तिथं गेलेलं तेल हवेबरोबर बाहेर येतं, जिथं पडतं तिथून रंग पळतो, गोल खड्डा पडतो, मसुरीएवढा, तळाला प्रायमर दिसतो – म्हणूनच म्हणतो, गन आजच न्या, उद्या आई परत –

काही नाही. उद्या खंडेनवमी ना. आई हत्यारं पुजते, तुमच्या घरीही पुजता, पणजोबांची तलवार आहे तुमच्याकडे. म्हटलं, पार्वतीकाकूंना सांगा, तलवारीला करायचं ते करा, गनला लांबूनच फूल वाहा. तेलाचा हात नको. कुंकू नको. – का म्हणजे? आत्ता सांगितलं ना, रंग पळतो.

– काय?

मसुरीएवढा. हो. मसुरीएवढाच म्हणालो.

हो. त्या हिरव्या गाडीवर होते तसेच.

सिलिकॉननंही तसेच पडतात, काका. पॉलिशच्या बाटलीतल्या सिलिकॉननंही अगदी तसेच पडतात, म्हणून तर सेठ – म्हणून तर सगळ्यांना वाटलं – नका, उठू नका, बसा. मला आज हे सांगायचं नव्हतं. कागदावर आहे तेवढंच सांगायचं होतं. कागदात हे नाहीये, बघा, सगळा कागद वाचा, हे कुठंच नाहीये.

सांगतो. – सांगतो म्हटलं ना. बाबा होते तोवर आमच्याकडे खंडेनवमीला त्यांचं पेन पुजायचो. रेल्वेतला कारकून, दुसरं हत्यार काय असणार. ते गेल्यावरही आई ते पेनच पाटावर मांडायची, शाई वाळलेलं. मग मागच्या वर्षी मी ही गन घेतली, स्वतःची, शेडची नाही, आणि आई म्हणाली, घरी आण, पहिल्यांदा ह्या घरात चालतं हत्यार पुजायचंय. मी आणली. आणि तिला कोण सांगणार की रंगाच्या हत्याराला तेल चालत नाही? तिच्या सासरी, म्हणजे ह्याच घरात, पूर्वीपासूनची पद्धत – हत्यार कोरडं पुजायचं नाही, आधी तेलाचा हात, मग कुंकू. मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेलो होतो. तेवढ्यात तिनं कापसाची वात तिळाच्या तेलात भिजवून एकेका भोकात फिरवली, लहान मुलाचं नाक साफ करतात तशी, आणि ह्या टोपीवर कुंकवाचं बोट उठवलं. मी आलो तर गन अशी चमकत होती, आणि आई किती – मी तिला तसं हसताना बाबा गेल्यापासून बघितलं नव्हतं. म्हणाली, बघ, आता कधी गंजणार नाही.

मला कळत होतं. मला कळत नव्हतं असं नाहीये, काका, तेच तर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन मी गन पुसली, कप धुतला, मूठ धुतली, थिनर फवारलं. फक्त टोपी काढून बुडवली नाही. दोन मिनिटांचं काम. आईचं ते बोट होतं तिच्यावर. आई म्हणाली होती, आपोआप जाईल तेव्हा जाऊ दे, तू पुसू नकोस. म्हटलं, वरून कोरडंच तर आहे, काय होतंय. आणि कर्नलसाहेबांची गाडी – चाळीस वर्षं जुनी, बाटलीसारखा हिरवा रंग, मुलीची पाठवणी त्या गाडीतून करायची होती, चार दिवसांवर लग्न. मी बॉनेटवर पहिला हात मारला आणि डोळ्यांदेखत रंग पळायला लागला. इथं खड्डा, तिथं खड्डा. पाऊस पडलेल्या धुळीसारखं झालं सगळं बॉनेट.

आणि तुम्ही बाटली उघडली नव्हती. मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला नसेल, मला आहे, कारण सकाळी मीच येऊन म्हटलं होतं, काका, आज हिरवा मारतोय – आणि तुम्ही झाकण आवळून बाटली वर फळीवर ठेवलीत, आणि मला म्हणालात, "घे रे बाबा, कुलूप लाव हवं तर." दुपारी सेठ ओरडत आला, "किसने खोली बोतल?" – आणि सगळी शेड तुमच्याकडे बघायला लागली, कारण पॉलिशवाले तुम्हीच. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी जमिनीकडे बघत होतो. मी मास्क काढला नव्हता अजून.

त्या दुपारी मला नक्की माहीत नव्हतं, देवाशपथ. वाटलं कॉम्प्रेसरचं तेल असेल, वाटलं हवेतलं पाणी असेल. टोपीचा विचार आला, मी तो मागं सारला. पण बाटलीचं तर माहीत होतं ना. बाटलीचं एक वाक्य होतं. "काकांनी नाही उघडली." एवढंच. तीन शब्द, काका, आणि ते माझ्या तोंडातून आजपर्यंत निघाले नाहीत.

वर्षभर काय केलं? – काही नाही केलं. रोज वाटायचं आज सांगू. मग वाटायचं, सांगितलं तर सेठ मला काढेल, गन घेईल, आणि आईला कळेल की तिच्या हातानं झालं. तिला तर आजही वाटतं की तुमचंच चुकलं. पार्वतीकाकू हळदीकुंकवाला येऊन गेल्या की म्हणते, बिचारी, पण नवऱ्याचा हलगर्जीपणा, तू असं कधी करू नकोस हं. मी हो म्हणतो. कुठल्याच शेडमध्ये तुम्हाला कुणी उभं केलं नाही, ग्वाल्हेर रोडपर्यंत सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती, आणि तुम्ही काठी घेऊन फाटकावर बसलात, तेव्हाही मी त्या रस्त्यानं जायचं टाळलं, लांबून वळसा घालून जायचो. आणि आज सांगतोय ते का? कारण आता माझं काही जात नाही. नोकरी तशीही गेली, छाती तशीही गेली. हे मला कळतं, काका. मी काही मोठं करत नाहीये.

सेठला सांगू? – सांगीन. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता चला, सांगतो. पण – खरं बोलू? तो माझ्याकडे बघून विचारेल, "क्यों पंडितजी, सच है?" – आणि मी काय म्हणेन ते मला सांगता येत नाही. मी म्हणेन असं वाटतं. मागच्या वर्षीही वाटलं होतं. आणि म्हटलं तरी काय, तो म्हणेल, साल भर बाद याद आया, दोनों मिले हुए हो. तुमचं नाव तेच राहणार आहे तिथं. तुम्ही सोमवारी आरशासारखा दरवाजा मारलात तरी राहणार आहे, आणि तुमचा हात – तुमचा हात आता आणखी थरथरतोय. मी केलं ते. मला दिसतंय.

गन खाली नका ठेवू. तिथं नको, पाट आहे तो, आईनं उद्यासाठी धुवून ठेवलाय. नेणार नाही म्हणता? नाही, न्या, काका, कृपा करा, माझ्यावर नको, तुमच्यावरच करा, सोमवारी काय घेऊन जाल? – नाही जाणार? – असं नका. निदान मास्क तरी. – बरं. इथंच राहू दे म्हणता तर राहू दे. आई येईल आणि वात भिजत घालेल. मी तिला काही म्हणणार नाही. म्हणता येणार नाही मला. तुम्हीही नका सांगू तिला, एवढं – बघा, अजूनही मी मागतोच आहे तुमच्याकडे.

काय विचारलंत? – कळलं कधी? नक्की कधी कळलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी.

सात वाजता गेलो मी, कुणी आलं नव्हतं. टोपी काढली, लाकडी काडी डाव्या शिंगाच्या भोकात घातली, आणि काडीचं टोक लाल आलं. तेलात भिजलेलं कुंकू. पुढच्या भोकातही. मी काडी हातात धरून उभा होतो, सेठ यायला दोन तास होते, बोलायचं काय ते पाठ करायला दोन तास पुरले असते. मी टोपी थिनरमध्ये बुडवली. दोनदा धुतली. लाल थिनर मागच्या नाल्यात ओतलं, काडी मोडली, तीही टाकली. आईचं बोट पुसलं. मग तुम्ही आलात. डबा घेऊन आला होतात, रोजच्यासारखे, आणि सेठनं फाटक उघडू दिलं नाही, तुम्ही बाहेर गजांना धरून उभे. मला बघून म्हणालात, "मार्तंडा, तू तरी सांग रे. तू तर बघितलं होतंस." सेठही वळून बघायला लागला माझ्याकडे. मी मास्क चढवला. पट्टा मागून आवळला. टाकीखालचं पाणी काढलं, ट्रिगर दाबून काटा बघितला, तीस पौंड, पेपरवर एक ठसा मारला, काकडी आली. आणि मी ती हिरवी गाडी मारली, काका – एक वीत लांब, अर्ध्यावर अर्धा, अर्ध्यावर अर्धा – तुम्ही फाटकापाशी होतात तोवर, आणि तुम्ही गेल्यावरही. हात जरासुद्धा हलला नाही. काचेसारखी आली.